गाडीच्या खोलीचे शटर: नवख्या घरमालकासाठी देखभाल, दुरुस्ती आणि बदल

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात ‘गॅरेज’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गाड्या दुरुस्त करणाऱ्याचे दुकान उभे राहते. घरातल्या गाडीच्या जागेला आपल्याकडे पार्किंग म्हणतात आणि तिच्या दाराला शटर. नव्या कॉलनीतल्या रो-हाऊसचा ताबा घेताना माणसे नळ सोडून पाहतात, स्वीच दाबून पाहतात, फरशीवर नाणे वाजवून पाहतात. शटर मात्र एकदा वर-खाली करून ‘चालते’ म्हणून सोडून देतात. पुढे चार-पाच वर्षांनी तेच शटर ऐन वैशाखात, भर दुपारी, अर्ध्यावर अडकते आणि गाडी आत राहते. हा लेख अशा घरमालकांसाठी आहे, ज्यांनी शटरच्या पेटीत, म्हणजे दारावरच्या गुंडाळी झाकणाऱ्या पत्र्याच्या खोक्यात, कधी डोकावून पाहिलेले नाही.

सर्वांत आधी एक हिशेब करू. ९ फूट रुंद आणि ८ फूट उंच शटर म्हणजे ७२ चौरस फूट, साधारण ६.७ चौरस मीटर. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो आणि असा सपाट पत्रा चौरस मीटरला ९.४ किलो भरतो. शटर ज्या आडव्या पट्ट्यांचे बनते त्यांना वळण आणि कडांना घडी असल्यामुळे पत्रा जास्त लागतो, म्हणून चौरस मीटरला १२ किलो धरावेत. म्हणजे नुसत्या पट्ट्यांचेच वजन ८० किलोच्या आसपास गेले. खालचा अँगल आणि कुलपाची पट्टी वेगळी. तरीही घरातली म्हातारी माणसे हे शटर एका हाताने वर ढकलतात, कारण ते ओझे माणूस उचलत नसून वरच्या पेटीतल्या स्प्रिंगा उचलतात. त्यामुळे शटर जड झाले की दोनच गोष्टी घडलेल्या असू शकतात: एक तर स्प्रिंगेने ओझे उचलणे कमी केले आहे, नाही तर वाटेत कुठेतरी घासते आहे. यांपैकी काय झाले आहे हे ठरवल्याशिवाय तेल, हातोडा किंवा मिस्त्री यांपैकी कशालाच बोलावू नये.

रचना

हाताने चालणाऱ्या शटरमध्ये वर दोन्ही बाजूंच्या भिंतींत लोखंडी ब्रॅकेट पक्के केलेले असतात आणि त्यांवर एक पाइप आडवा बसवलेला असतो. हा पाइप फिरत नाही, हे नवख्याला सहसा माहीत नसते. तो दोन्ही टोकांना यू-क्लॅम्पने, म्हणजे इंग्रजी ‘यू’ आकाराच्या पकडीने, आवळलेला असतो. पाइपवर चाकासारखे गोल भाग ठरावीक अंतराने बसवलेले असतात, ते मात्र फिरतात. स्प्रिंगचे एक टोक पाइपला आणि दुसरे या चाकाला अडकवलेले असते, आणि सर्वांत वरची पट्टी या चाकांना जोडलेली असते. शटर खाली ओढले की चाके फिरून स्प्रिंगा आवळल्या जातात, आणि वर ढकलले की त्याच स्प्रिंगा सुटत सुटत पट्ट्या गुंडाळून घेतात.

या रचनेत एक छान मेळ आहे. शटर पूर्ण खाली असते तेव्हा लोंबणारे वजन सर्वांत जास्त असते आणि नेमका तेव्हाच स्प्रिंगेतला ताणही सर्वांत जास्त असतो. शटर गुंडाळले जाते तसे लोंबणारे वजन घटते आणि ताणही उतरतो. यातूनच सुरक्षिततेचा पहिला नियम निघतो. बंद शटरच्या पेटीत भरपूर ताण कोंडलेला असतो आणि उघड्या शटरच्या पेटीत कमी, पण शून्य कधीच नसतो. यू-क्लॅम्पचे नट कुणी हौसेने ढिले केले, तर तो स्थिर पाइप क्षणात गरकन फिरतो आणि त्यावर लावलेला पाना मनगट मोडू शकतो. आमच्याकडे आलेल्या मिस्त्रीने मी शिडीवर चढून बॅटरी पेटीत धरली तेव्हाच सांगितले होते, “नाना, पाहायचं तेवढं पाहा, पण तठे हात घालू नका.” या लेखातली यू-क्लॅम्प, पाइप आणि स्प्रिंग वगळता बाकीची बहुतेक कामे घरी करता येतात.

बाजूच्या उभ्या खोबणींना गाईड म्हणतात. त्या अडीच-तीन इंच खोल असतात आणि पट्ट्यांची टोके त्यांच्या आत राहून सरकतात. शेवटच्या पट्टीखाली जाड अँगल असतो, त्यालाच हँडल, कुलूप आणि कोयंडे लावलेले असतात. वरची गुंडाळी झाकणाऱ्या पत्र्याला पेटी किंवा हूड म्हणतात.

अर्ध्यावरची परीक्षा

पहिली तपासणी सकाळी, ऊन चढायच्या आत करावी. गाडी बाहेर काढावी, मुलांना लांब ठेवावे, पायात चप्पल नसून बूट असावेत. शटर जमिनीपासून कंबरेइतके वर न्यावे आणि हँडलवरचा हात सोडू नये, फक्त सैल करावा. चांगले जुळवलेले शटर आहे तिथेच थांबते किंवा वीतभर इकडे-तिकडे सरकून थांबते. ते स्वतःहून खाली येऊ लागले, तर स्प्रिंगेचा ताण कमी पडतो आहे. ते हातातून सुटून वर पळू लागले, तर ताण गरजेपेक्षा जास्त आहे. हीच परीक्षा गुडघ्याइतक्या आणि छातीइतक्या उंचीवर पुन्हा करावी.

आता घर्षणाची परीक्षा. शटर पूर्ण खाली घेऊन सावकाश, एका संथ गतीने वर न्यावे आणि कुठे जोर लावावा लागतो याकडे लक्ष द्यावे. सगळीकडे सारखेच जड वाटत असेल तर दोष बहुधा ओझ्याचा, म्हणजे स्प्रिंगेचा असतो. ठरावीक उंचीवरच अडखळत असेल तर दोष त्या उंचीवरच्या गाईडमध्ये किंवा त्या वेळी गाईडमधून जाणाऱ्या पट्टीत असतो. खडूने गाईडवर खूण करावी आणि शटर तीन-चार वेळा वर-खाली करावे. अडखळण दर वेळी त्याच खुणेपाशी होत असेल आणि तिथून वेगवेगळ्या पट्ट्या जाताना होत असेल, तर गाईड चेपलेला आहे. अडखळण एकाच पट्टीबरोबर वर-खाली सरकत असेल, तर ती पट्टी वाकलेली आहे.

खानदेशात याला आणखी एक परीक्षा जोडावी लागते, ती दुपारची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पश्चिमेला तोंड असलेला पत्रा तर हात लावू देत नाही. ३ मीटर लांबीची लोखंडी पट्टी सकाळच्या मानाने ४५ अंशांनी तापली, तर तिची लांबी सुमारे दीड मिलिमीटरने वाढते. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण बसवणाऱ्याने पट्टीचे टोक आणि गाईडची आतली भिंत यांच्यात फटच ठेवली नसेल, तर सकाळी लोण्यासारखे सरकणारे शटर दुपारी तीन वाजता आवळून बसते. सकाळी हलके आणि दुपारी जड, हा दोष तेलाने कधीही जात नाही. त्यासाठी पट्ट्यांची टोके घासून थोडी कमी करावी लागतात किंवा गाईड सरकवून घ्यावा लागतो.

साफसफाई आणि तेलाचा घोळ

शटरच्या देखभालीत सर्वांत जास्त नुकसान उपेक्षेने नव्हे, तर प्रेमाने होते. शटर किरकिर करू लागले की घरातला कुणीतरी गाईडमध्ये ग्रीस थापतो, किंवा ओळखीच्या गॅरेजमधून इंजिनाचे जळालेले ऑइल आणून ओततो. पंधरा दिवस शटर गुळगुळीत चालते. मग उन्हाळ्यातल्या वावटळींची धूळ आणि हंगामात वेचणीच्या कापसाचे हवेत उडणारे तंतू त्या ग्रीसवर बसतात. मी आमच्या गाईडमधून एकदा स्क्रू-ड्रायव्हरने जे खरवडून काढले, ते काजळासारखे काळे होते आणि बोटांत चोळल्यावर बारीक वाळूसारखे लागत होते. म्हणजे वंगण म्हणून घातलेली वस्तू वर्षभर पट्ट्यांची टोके घासत होती.

म्हणून गाईडसाठी क्रम असा ठेवावा. शटर पूर्ण वर करावे, म्हणजे गाईड मोकळे होतात. जुने ग्रीस पातळ लाकडी पट्टीने किंवा बोथट स्क्रू-ड्रायव्हरने वरून खाली खरवडावे. मग काठीला सुती फडके गुंडाळून, ते रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ओलसर करून दोन-तीन वेळा फिरवावे. या वेळी जवळपास विडी-काडी, देवघराचा दिवा किंवा चालू वेल्डिंग काहीही नको. त्यानंतर कोरडे फडके फिरवून अर्धा दिवस वाळू द्यावे. शेवटी सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्यावा, आणि तो नसेल तर साधी मेणबत्ती गाईडच्या दोन्ही आतल्या बाजूंना चोळावी. मेण धूळ धरत नाही. गाईडच्या तळाशी साचलेली माती न विसरता काढावी, कारण पावसाचे पाणी तिथेच मुरते आणि गाईड नेहमी खालून वर असा गंजत जातो. तळाला पाणी निघून जायला वाट नसेल, तर मिस्त्रीकडून एक छोटे भोक पाडून घ्यावे.

पट्ट्यांवर पाइपने पाण्याचा फवारा मारू नये. धूळ त्या पाण्याबरोबर पट्ट्यांच्या सांध्यात शिरते आणि वाळल्यावर तिथेच घट्ट होते. कोरड्या ब्रशने झाडून ओल्या फडक्याने पुसलेले पुरते. कुलपात तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड घालावी. स्प्रिंगा आणि बेअरिंग यांना मात्र खरोखरच तेल लागते, पण ते पेटीच्या आत असल्यामुळे वर्षातून एकदा मिस्त्री आला की त्याच्याकडून मशीन ऑइल द्यायला सांगावे आणि त्या वेळी यू-क्लॅम्पचे नट आवळलेले आहेत याची खात्री करून घ्यावी.

हे काम वर्षातून दोनदा केले तरी चालते. मी स्वतः एकदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, म्हणजे पावसाच्या आधी, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या साफसफाईत करतो. नवापूर किंवा अक्राणीकडे पाऊस जास्त असल्यामुळे तिकडच्या घरांना पावसाळ्याच्या मध्यावर गाईडचा तळ आणखी एकदा पाहावा लागतो. दसऱ्याला शटरला झेंडूचा हार घालणाऱ्यांनी तो दुसऱ्या दिवशी आठवणीने काढावा. हाराचा दोरा पट्ट्यांबरोबर गुंडाळला जाऊन चाकात अडकल्याचे मी दोन घरी पाहिले आहे. पेटीत चिमण्यांनी काड्या भरलेल्या असतात, कधी गांधीलमाश्यांचे पोळे असते. म्हणून बरेच दिवस बंद असलेले शटर उघडताना एकदम झटक्याने वर न नेता आधी हाताने ठोठावून थोडे थांबावे.

बिघाडाची लक्षणे

शटर तिरके वर जाते, म्हणजे एक बाजू पुढे आणि दुसरी मागे राहते, हा फार वेळा येणारा बिघाड आहे. याचे एक कारण अगदी घरगुती असते: हँडल दोन असताना आपण एकाच हँडलने, एकाच बाजूने ढकलत असतो. शटर नेहमी मध्यावरून किंवा दोन्ही हँडलना हात लावून उचलावे आणि ओढताना आकडी मध्यभागी लावावी. तरीही तिरकेपणा राहत असेल, तर पट्ट्या बाजूला सरकल्या आहेत का ते पाहावे. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि त्यांनी आडवे सरकू नये म्हणून टोकांना अटकाव केलेला असतो. हा अटकाव निघाला की पट्टी हळूहळू एका बाजूला सरकून गाईडच्या आतल्या भिंतीवर घासू लागते. सरकलेली पट्टी लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातोडीने जागेवर आणता येते. पण अटकाव पुन्हा बसवला नाही, तर महिनाभरात ती परत सरकेल.

पट्टी चेपलेली असेल, आणि बहुतेक वेळा ती गाडी मागे घेताना आपल्याच बंपरने चेपलेली असते, तर ती ठोकून सरळ करण्याच्या भरीस पडू नये. थोडासा पोचा असला तर मागे ठोकळा धरून काढता येतो. घडी पडली असेल तर ती पट्टी बदलावी. एक पट्टी बदलण्यासाठी संपूर्ण शटर बदलावे लागते असे कुणी सांगितले, तर दुसऱ्या मिस्त्रीला विचारावे. मात्र नवी पट्टी त्याच वळणाची आणि त्याच गेजची असली पाहिजे, म्हणून जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा नमुना म्हणून दुकानात न्यावा.

कुलूप बसत नसेल तर कुलपाला दोष देण्याआधी जमीन पाहावी. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ज्या घरांचा पाया या मातीचा विचार करून घातलेला नाही तिथे जोते आणि खांब थोडे-थोडे हलतात. अशा घरात श्रावणात बसणारे कुलूप चैत्रात बसत नाही. दोन गाईडमधले अंतर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी टेपने मोजावे, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापे घ्यावीत. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला, तर तो प्रश्न शटरवाल्याचा नसून गवंड्याचा किंवा इंजिनिअरचा आहे. अशा वेळी गाईड वारंवार ठोकून घेण्यात पैसे जातात आणि दुखणे राहते.

खडखडाट हा बिघाड नसतो, ती सूचना असते. वाऱ्याने पट्ट्या वाजत असतील तर गाईडची फट रुंद झाली आहे. गुंडाळताना वरून टकटक असा ठरावीक तालात आवाज येत असेल, तर एखादे चाक किंवा बेअरिंग झिजले आहे, आणि ते लवकर दाखवावे.

स्प्रिंग तुटली तर

स्प्रिंग तुटते तेव्हा ती कळवून तुटते. आमची तुटली ती रात्री अकराच्या सुमारास, कुणी शटरला हात लावलेला नसताना. लवंगी फटाका डब्यात फुटावा तसा आवाज झाला आणि आम्ही मांजराने काही पाडले असे समजून झोपलो. सकाळी शटर उचलेना. मिस्त्रीने ती स्प्रिंग काढून हातात दिली, तेव्हा तुटलेल्या जागेचा अर्धा भाग तांबूस गंजलेला आणि अर्धा नव्या पैशासारखा चकचकीत होता. गंजलेला अर्धा म्हणजे जुनी चीर, जी कदाचित वर्षभर आधी पडली असेल. चकचकीत अर्धा त्या रात्री तुटला. चीर पडली तेव्हाच पेटी उघडून तेल दिले गेले असते, तर निदान ती दिसली असती.

एका शटरला सहसा एकाहून जास्त स्प्रिंगा असतात. समजा तीन आहेत आणि एक तुटली, तर शटर चालते, पण त्या दोघींवर तिसरीचे ओझे येते. लोक ‘जरा जड झाले आहे’ म्हणत ते तसेच वापरतात आणि उरलेल्याही लवकर जातात. शटर एकाएकी, एका दिवसात जड झाले, तर ते वापरणे थांबवावे. सगळ्या स्प्रिंगा एकाच वयाच्या असतील तर एक न बदलता सगळ्या एकदम बदलाव्यात, कारण मजुरी तेवढीच पडते.

गाडी आत अडकली असेल आणि बाहेर काढणे भागच असेल, तर तीन-चार धडधाकट माणसांनी शटर मध्यापासून दोन्ही बाजूंना समान अंतरावर धरून एकदम उचलावे आणि दोन्ही गाईडजवळ अँगलखाली मजबूत लाकडी बल्ल्या टेकू म्हणून लावाव्यात. टेकू पक्के बसल्याशिवाय कुणीही खालून जाऊ नये, आणि गाडी निघाल्यावर शटर सोडून न देता हातावर उतरवावे. वर ढकललेले शटर तिथे राहील अशी आशा धरून गाडी काढणाऱ्याच्या टपावर ते येऊन आदळते.

ताण वाढवण्याचे काम मिस्त्री कसे करतो हे माहीत असावे, म्हणजे तो ते नीट करतो आहे की नाही हे कळते. शटर पूर्ण वर नेऊन, म्हणजे ताण कमीत कमी असताना, ते खाली घसरणार नाही असे बांधले जाते. एक माणूस लांब पाइप-पान्याने पाइप घट्ट धरतो, दुसरा यू-क्लॅम्प ढिला करतो, पाइप थोडासा, पाव वेढ्याच्या हिशेबाने फिरवला जातो आणि लगेच क्लॅम्प आवळला जातो. मग बांधलेले सोडून अर्ध्यावरची परीक्षा घेतली जाते आणि गरज असेल तर पुन्हा पाव वेढा. मिस्त्री एकटाच आला असेल आणि शटर खाली असताना क्लॅम्पला हात घालत असेल, तर त्याला थांबवावे आणि दुसऱ्या माणसाची वाट पाहायला लावावी.

मोटर असलेली शटरे

मोटरींचे ढोबळमानाने दोन प्रकार आपल्याकडे बसतात. पाइपच्या मध्यावर बसणारी मोटर स्प्रिंगांच्या मदतीने काम करते. बाजूला साखळीने जोडलेली मोटर सगळे वजन स्वतःच उचलते. पहिल्या प्रकारात एक फसगत आहे: स्प्रिंग तुटली तरी मोटर कण्हत-कण्हत शटर ओढते, मालकाला काही कळत नाही आणि शेवटी मोटर जळते. म्हणून अशा मोटरचा आवाज बदलला किंवा शटरची गती मंदावली, तर वीज बंद करून, मोटरची पकड सोडवून, अर्ध्यावरची परीक्षा हातानेच घ्यावी.

शटर रिमोटने हलत नसेल तर आधी भिंतीवरच्या बटनाने पाहावे. बटनाने चालत असेल तर रिमोटचा सेल बदलावा. बटन दाबल्यावर नुसता गुणगुणाट होत असेल आणि शटर हलत नसेल, तर व्होल्टेज फार कमी आहे किंवा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेला आहे, आणि बटन दाबून ठेवणे ताबडतोब थांबवावे. सलग चार-सहा वेळा वर-खाली केल्यावर मोटर गप्प झाली, तर बहुधा ती तापून स्वतःच बंद झाली आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी ती पुन्हा चालेल. वीज गेल्यावर शटर हाताने कसे उघडायचे, साखळी कुठे आहे आणि कोणत्या बाजूने ओढायची, हे घरातल्या प्रत्येकाने एकदा करून पाहिलेले असावे. वीज गेलेल्या रात्री हे शिकता येत नाही.

हाताच्या शटरला नंतर मोटर बसवणाऱ्यांनी जुनी बाजूची कुलुपे काढून टाकावीत. कुलूप लागलेले असताना कुणी रिमोट दाबला, तर खालचा अँगल वाकतो आणि पट्ट्या सांध्यातून निघतात. घरात लहान मुले असतील तर मध्ये काही आल्यास शटर थांबवणारा सेन्सर बसवून घ्यावा. अमेरिकेत घरगुती मोटरच्या दारांना १९९३ पासून असा बंदोबस्त सक्तीचा आहे, आपल्याकडे तो मागून घ्यावा लागतो. आणि शटर हाताचे असो वा मोटरचे, ते बंद असताना आत गाडीचे इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

नवे शटर घेताना

पट्ट्यांचे सांधे जागोजाग उघडू लागले, गाईडचा तळ गंजून हाताने तुटू लागला, किंवा दोन वर्षांत दुसऱ्यांदा स्प्रिंगा बदलाव्या लागल्या, तर दुरुस्ती थांबवून शटर बदलावे. नुसता रंग उडाला असेल तर बदलायची गरज नाही. गंज घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन वर पातळ एनॅमल मारावा आणि शटर पूर्ण दिवस खालीच ठेवावे, नाही तर ओल्या पट्ट्या गुंडाळीत एकमेकींना चिकटतात.

माप स्वतः घ्यावे. रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप धरावे, आणि गुंडाळीसाठी वर किती जागा आहे तेही लिहून ठेवावे. ८ फूट उंचीच्या शटरला सव्वा-दीड फुटाची जागा असली की अडचण येत नाही. दर चौरस फुटावर ठरतो, म्हणून दर विचारण्याआधी मोजणी कशी धरणार हे विचारावे. कुणी मोकळ्या दाराचे माप धरतो, कुणी गाईडमध्ये शिरणारी पट्टी आणि वरची गुंडाळी धरून उंचीत फूटभर वाढवतो. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच्या दराची दुसऱ्याच्या दराशी तुलना करताना मोजणी वेगळी असेल, तर स्वस्त वाटलेला महाग निघतो.

गेजच्या बाबतीत आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे लक्षात ठेवावे. १८ गेज सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज सुमारे ०.९ आणि २२ गेज सुमारे ०.७. माझ्या मते रस्त्याकडे तोंड असलेल्या घराला २२ गेज घेऊ नये. वाऱ्याने तो फडफडतो आणि गाडीचा हलका धक्काही त्याला पुरतो. साधा लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पत्रा रंगाची कटकट वाचवतो. धातूच्या गुंडाळत्या शटरसाठी आय.एस. ६२४८ हे भारतीय मानक आहे. अंदाजपत्रकावर पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये, स्प्रिंगांची संख्या आणि बेअरिंग आहे की नाही एवढे लिहून मागितले, तरी बरेच काम होते. साधारण ९ चौरस मीटरच्या पुढचे शटर नुसते हाताने ढकलायचे घेऊ नये.

आपल्या उन्हाळ्यासाठी वरच्या एक-तृतीयांश भागात जाळीच्या पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे कोंडलेली गरम हवा बाहेर जाते. खालच्या अँगलला रबरी पट्टी लावून घ्यावी; धूळ, उंदीर आणि पावसाळ्यातले साप त्या फटीतूनच आत येतात. उंबऱ्याची फरशी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती आहे ना, हे नवे गाईड बसवायच्या आधी पाहावे, कारण नंतर ते गवंडीकाम निघते.

कामाच्या दिवशी गाडी आणि शेजाऱ्याचीही गाडी लांब उभी करावी. वेल्डिंगच्या आणि ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत बारीक खड्डे पाडतात आणि रंगात रुतून पुढे तांबूस ठिपके होतात. काम झाल्यावर पैसे देण्याआधी अर्ध्यावरची परीक्षा तीनही उंचींवर घ्यावी, आणि उन्हाळा असेल तर शेवटचा हप्ता दुपारी तीनला शटर चालवून पाहिल्यावरच द्यावा. मिस्त्री शिडीवर असतानाच त्याच्या हाती रंगाचा ब्रश देऊन पेटीच्या आतल्या बाजूला स्प्रिंगा बसवल्याचा महिना, वर्ष आणि त्यांची संख्या लिहून घ्यावी. पुढच्या वेळी पेटी उघडणारा माणूस बहुधा वेगळा असतो आणि त्याला विचारायला हा नसतो.